वाचक विचारतात : झान मोरो, तिचे चित्रपट आणि तिचे दिग्दर्शक

गेल्या अंकात इंदूरच्या राजेंद्र नगरातील एका वाचकाने ‘फ्रेंच चित्रपट पाहण्यास सुरुवात कोठून करावी’ असे विचारले होते. दिग्दर्शकांच्या याद्या हाती घेण्याऐवजी झान मोरो या एकाच अभिनेत्रीचे चित्रपट ओळीने पाहावेत, दिग्दर्शक वाटेत आपोआप भेटत जातील, असे उत्तर त्यांना दिले होते. एवढ्याशा उत्तरावर इंदूर, देवास आणि ग्वाल्हेरहून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. तिच्या प्रेमप्रकरणांची यादी मागणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. यादी लहान आहे म्हणून नव्हे, तर त्या यादीवाचून चित्रपट समजण्यात काहीही अडत नाही म्हणून.

प्रश्न : आपण तिचे नाव असे घेतलेत की जणू ते घरोघरी ठाऊक आहे. ही बाई कोण, कोणाची, आणि सिनेमात येण्यापूर्वी काय करीत होती, हे आधी सांगावे.
(एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : बाई, आपली तक्रार रास्त आहे. झान मोरोचा जन्म २३ जानेवारी १९२८ रोजी पॅरिसमध्ये झाला. म्हणजे आपल्या इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांपेक्षा ती सुमारे पावणेदोन वर्षांनी मोठी. वडील फ्रेंच, उपाहारगृहाच्या व्यवसायातले. आई कॅथरीन बक्ली ही इंग्लंडमधील ओल्डहॅम या गिरणगावची मुलगी. नृत्यपथकातून पॅरिसला आली, ‘फोली बेर्जेर’ या प्रसिद्ध रंगमंदिरात नाचू लागली आणि लग्न करून तेथेच राहिली. १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले तेव्हा ही इंग्रज आई शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली, आणि मोरोचे किशोरवय त्या धाकात गेले. युद्ध संपल्यावर आईवडील वेगळे झाले. आई धाकट्या मुलीला घेऊन इंग्लंडला परतली, झान मात्र पॅरिसमध्येच राहिली. आईकडून आलेली इंग्रजी तिला पुढे फार उपयोगी पडली. ऑर्सन वेल्स, जोसेफ लोझी, एलिया कझान या अमेरिकन दिग्दर्शकांबरोबर तिला काम करता आले, त्यामागे हेही एक कारण आहे.

अभिनयाचे वेड तिला नाटकातून लागले. १९४४ मध्ये, जर्मन अंमल असतानाच, झाँ आनुई याचे ‘अँतिगोन’ पॅरिसच्या रंगमंचावर आले. राजाज्ञा धुडकावून ठामपणे ‘नाही’ म्हणणारी ती तरुण मुलगी पाहून शाळकरी मोरोने आपणही नटीच व्हायचे असे ठरविले. वडिलांचा कडवा विरोध होता. तरीही तिने नाट्यशिक्षणाच्या सरकारी संस्थेत, कॉन्सर्व्हातवारमध्ये, प्रवेश मिळविला, आणि १९४७ मध्ये, विशीही पुरी झालेली नसताना, ‘कोमेदी फ्रान्सेझ’ या १६८० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाटकमंडळीत तिची नेमणूक झाली. कायम पगार, मानाचे स्थान आणि वर्षानुवर्षे ठरलेल्या भूमिका, असे ते आयुष्य होते. काही वर्षांतच ते सोडून ती झाँ व्हिलार याच्या ‘तेआत्र नास्योनाल पोप्युलेर’ मध्ये गेली, जेथे कामगार आणि विद्यार्थी यांना परवडेल अशा तिकिटात अभिजात नाटके दाखविली जात. रामबागेतल्या कोणत्याही घरात अशी पक्की नोकरी सोडली असती तर काय बोलणे झाले असते, हे आपण जाणताच.

चित्रपटांतही ती १९४९ पासून होती. परंतु निर्मात्यांच्या मते तिचा चेहरा पडद्याला साजेसा नव्हता. डोळ्यांखाली काळसर छटा, ओठांचे कोपरे खाली झुकलेले, नाक-डोळे प्रमाणबद्ध नाहीत. म्हणून तिच्यावर रंगाचे थर चढवायचे, प्रकाश चेहऱ्यावर असा सोडायचा की सारे सपाट व्हावे, आणि तिला गुन्हेगारी कथांतील दुय्यम स्त्रिया द्यावयाच्या, असे बरीच वर्षे चालले. १९५४ मध्ये झाँ गाबँ या नामवंत नटाबरोबरच्या एका गाजलेल्या चित्रपटातही ती अशीच एक नर्तकी आहे आणि त्याच्या हातची थप्पड खाते. रंगभूमीवर ती अव्वल नटी, आणि पडद्यावर मात्र अनेकींपैकी एक.

प्रश्न : आपल्या सांगण्यावरून मित्रांबरोबर ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’ पाहिला. खुनाची गोष्ट चांगली आहे, पण मध्येच ती बाई रात्रभर नुसती रस्त्यावर हिंडते आणि काहीच घडत नाही. यात थोर काय आहे?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण नेमक्या त्याच हिंडण्यासाठी हा चित्रपट आजही पाहिला जातो. गोष्ट थोडक्यात अशी. फ्लोरान्स आणि तिचा प्रियकर ज्युलियँ मिळून तिच्या धनाढ्य नवऱ्याचा खून करण्याचे ठरवितात. खून होतो, परंतु इमारतीचा पहारेकरी वीज बंद करून निघून जातो आणि ज्युलियँ लिफ्टमध्ये अडकतो. खाली उभी असलेली त्याची मोटार एक उनाड पोरगा पळवितो. शेजारी एक मुलगी बसलेली ती मोटार फ्लोरान्सच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि आपल्याला टाकून तो दुसरीबरोबर गेला अशी तिची समजूत होते. त्यानंतर ती रात्रभर शाँझेलिझे या हमरस्त्यावर त्याला शोधीत फिरते.

दिग्दर्शक लुई माल तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होता आणि कथापट म्हणून हा त्याचा पहिलाच प्रयत्न. त्यापूर्वी त्याने जाक कुस्तो या सागरसंशोधकाबरोबर समुद्राच्या पोटातील एक माहितीपट केला होता. मोरोला त्याने १९५६ मध्ये रंगमंचावर पाहिले, टेनेसी विल्यम्सच्या एका नाटकाच्या पॅरिसमधील प्रयोगात, ज्याचे दिग्दर्शन पीटर ब्रूक याने केले होते. रंगमंचावरची ती बाई आणि पडद्यावरची ती बाई यांत एवढे अंतर का, असा प्रश्न त्याला पडला असल्यास नवल नाही. त्याने छायालेखक आंरी दका याच्या साहाय्याने एक साधी गोष्ट केली. मोरोचा मेकअप जवळजवळ काढून टाकला, प्रकाशयोजनेचे दिवे आणलेच नाहीत, आणि मंद उजेडातही चित्र घेऊ शकणारी ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म कॅमेऱ्यात घातली. कॅमेरा एका बाबागाडीत ठेवला आणि ती गाडी मोरोच्या पुढे पुढे ढकलीत नेली. चेहऱ्यावर उजेड पडतो तो दुकानांच्या काचांतून आणि कॅफेंच्या पाट्यांवरून. रात्री सराफ्यात चालताना एका दुकानासमोर चेहरा उजळतो आणि पुढच्या पावलाला पुन्हा काळोखात जातो, तसाच तो दिसतो.

चित्रीकरणाची फिल्म धुण्यासाठी गेली तेव्हा लॅबमधील तंत्रज्ञ संतापले, असे माल याने नंतर सांगितले आहे. या दोघांना मोरोचा चेहरा बिघडवू देता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. आज त्याच चौकटी पाहताना त्या तंत्रज्ञांची कीव येते, परंतु त्यांचे म्हणणे त्यांच्या काळाला धरूनच होते. नायिकेचा चेहरा म्हणजे गुळगुळीत केलेली वस्तू, ही त्या धंद्याची रीत होती. डोळ्यांखालची काळसर छटा, जिच्यावर वर्षानुवर्षे रंग चढविला गेला, तीच आता दिसू लागली, आणि फ्लोरान्स किती तास जागी आहे हे सांगण्यासाठी संवादाची गरज उरली नाही.

तुम्ही म्हणता की काहीच घडत नाही. पुन्हा पाहाल तेव्हा मोरोच्या ओठांकडे लक्ष ठेवा. ती स्वतःशी पुटपुटते. कधी ज्युलियँचे नाव, कधी त्याच्यावरचा आरोप, कधी त्याची बाजू. शेजारून जाणाऱ्या मोटारींचे तिला भान नाही. पाऊस आल्यावर ती आडोसा शोधीत नाही. कोणी तिच्याकडे पाहिले तर ती त्या माणसाच्या आरपार पाहते. नटीला येथे एकही धड कृती दिलेली नाही, आणि तरीही तिचा संशय, मग चीड, मग स्वतःविषयीचा तिरस्कार या क्रमाने मनात काय चालले आहे ते आपणास कळत राहते. हे रंगभूमीच्या पक्क्या तालमीवाचून साधत नाही. आणि रंगभूमीची सवय पुसून टाकल्यावाचूनही साधत नाही, हे अधिक कठीण.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रारंभी हे दोघे टेलिफोनवर बोलतात. ती एकीकडे, तो दुसरीकडे. संपूर्ण चित्रपटात हे प्रेमिक एकदाही एकमेकांसमोर येत नाहीत. ते एकत्र कोठे दिसतात, ते शेवट पाहिलेल्या तुम्हाला ठाऊक आहे. इतरांसाठी ते येथे लिहीत नाही.

संगीत माइल्स डेव्हिस या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाचे आहे. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसच्या एका ध्वनिमुद्रणगृहात, एकाच रात्रीत, पडद्यावर प्रसंग दाखवीत असताना त्याने आणि चार साथीदारांनी ते जागच्या जागी वाजविले. मोरोही तेथे हजर होती. तिची चाल आणि ती ट्रम्पेट एकमेकांची वाट पाहत चालल्यासारखी वाटतात, त्याचे कारण हेच.

या चालण्याची भूल पुढे इतर दिग्दर्शकांनाही पडली. आन्तोनियोनी याने ‘ला नोत्ते’ (१९६१) मध्ये तिला मिलान शहरात आणि शहराच्या उजाड कडेला असेच भटकावयास लावले. नवऱ्याशी नाते संपत आले आहे हे कळलेली ती स्त्री वाटेत तरुणांची मारामारी पाहते, आकाशात सुटणारे अग्निबाण पाहते, आणि कोणाशीही काही बोलत नाही. त्या चित्रपटास बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. लुईस बुन्युएल याने तर ‘डायरी ऑफ अ चेंबरमेड’ (१९६४) करताना तिला चालताना पाहण्याचा आनंद आपल्या आठवणींत नोंदविला आहे; उंच टाचेवर तिचे पाऊल किंचित थरथरते आणि त्यात एक अस्थिर ताण जाणवतो, असे त्याचे निरीक्षण होते. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या माणसासमोर काम करावयाचे म्हणजे नटीला पावलाचीही तालीम हवी.

प्रश्न : तिच्या एका चित्रपटावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता, असे ऐकले. तपशील द्यावा.
(वकील, उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ)

उत्तर : एका नव्हे, दोन चित्रपटांवरून. पहिला लुई माल याचाच ‘द लव्हर्स’ (१९५८). डिजाँ या गावातील एका श्रीमंत घराची कंटाळलेली गृहिणी एका रात्री वाटेत भेटलेल्या तरुणाच्या प्रेमात पडते आणि पहाटे नवरा, मूल, घर सारे सोडून त्याच्याबरोबर निघून जाते, एवढेच कथानक. व्हेनिस महोत्सवात त्यास परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड हाइट्स येथे तो दाखविल्याबद्दल चित्रगृहाचा व्यवस्थापक निको जाकोबेलिस यास दोषी धरून २,५०० डॉलर दंड झाला. त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ जून १९६४ रोजी ती शिक्षा रद्द झाली. याच निकालात न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांचे ते प्रसिद्ध मत आहे, की उघड अश्लीलतेची व्याख्या मी करू धजणार नाही, पण ती पाहिली की मला ओळखता येते, आणि हा चित्रपट त्यात बसत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ असते; ज्या चित्रपटावरून ते लिहिले गेले तो मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

दुसरा चित्रपट ‘व्हिवा मारिया’. लुई माल याने तो मेक्सिकोत चित्रित केला आणि १९६५ मध्ये मोरो आणि ब्रिजित बार्दो यांना प्रथमच एकत्र आणले. डॅलस शहराच्या वर्गीकरण मंडळाने तो लहान मुलांसाठी अयोग्य ठरविला; वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६८ मध्ये न्यायालयाने त्या शहराचा नियमच संदिग्ध म्हणून रद्दबातल केला. आपल्याकडे अवघ्या दोन वर्षांनी, १९७० मध्ये, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेशी सुसंगत ठरविली. तो निकाल देणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते, हे आपणास सांगणे नलगे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत, ही आपणास विनंती. आपल्या बार रूममध्ये त्यावर चांगली चर्चा होऊ शकेल.

प्रश्न : ‘ज्यूल्स अँड जिम’ मधील कॅथरीन दोन मित्रांना खेळवते, दोघांचीही आयुष्ये उद्ध्वस्त करते, आणि समीक्षक तिला स्वातंत्र्याची मूर्ती म्हणतात. मला ती स्वार्थी वाटली. माझे चुकते का?
(गृहिणी, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : आपले मुळीच चुकत नाही, आणि समीक्षकांचेही सर्वस्वी चुकत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे वाटावे अशी ती भूमिका मोरोने केली आहे. आंरी-पिएर रोशे या लेखकाने आपली ही पहिली कादंबरी १९५३ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध केली. पुढे ती जुन्या पुस्तकांच्या ढिगात फ्रांस्वा त्रुफो या तरुण समीक्षकाच्या हाती लागली, आणि चित्रपट कधी काळी काढलाच तर हिचाच काढायचा, असे त्याने मनाशी धरले. १९६२ मध्ये तो प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धाआधी सुरू होणारी, ऑस्ट्रियन ज्यूल आणि फ्रेंच जिम यांच्या मैत्रीची ती कहाणी आहे, आणि त्या मैत्रीच्या मधोमध कॅथरीन येते.

पुलावरच्या शर्यतीचा प्रसंग आपणास आठवत असेल. पुरुषी कपडे, डोक्याला टोपी, वरच्या ओठावर रेखलेली मिशी अशा वेशात ती दोघांबरोबर धावते आणि जिंकते, कारण ‘तीन’ म्हणण्याआधीच ती सुटते. कॅथरीन म्हणजे काय ते तेथेच कळते. ती नियम मोडते, आणि नियम मोडला हे तिला ठाऊक असते, आणि हरलेल्या दोघांना तिच्यावर रागावता येत नाही. पुढे हीच सवय भयंकर होत जाते. तिचे हसणे आणि तिची निर्दयता यांच्या सीमारेषेवर मोरो कोठेही थबकत नाही. दुसऱ्या एखाद्या नटीने प्रेक्षकांची सहानुभूती राखण्यासाठी डोळ्यांत पाणी आणले असते. माझ्या मते कॅथरीन स्वार्थीच आहे, आणि चित्रपट ते लपवीत नाही. मात्र तिच्यासमोर ते दोघे सज्जन पुरुष आपापल्या सोयीने दुबळे राहतात, हेही तो लपवीत नाही. तिकडे आपले लक्ष जावे असे वाटते.

यातील ‘ल तुर्बियाँ’ हे गाणे सेर्ज रेझ्वानी याने मोरो आणि तिचा पहिला नवरा झाँ-लुई रिशार यांच्या मैत्रीत असताना रचले होते. चित्रपटात गिटार घेऊन बसलेला तो तोच. गाताना मोरोकडून कडव्यांचा क्रम उलटला. तिने हाताने एक छोटीशी खूण केली आणि गात राहिली. त्रुफोने तोच टेक ठेवला. ती खूण आजही पडद्यावर दिसते. घरच्या मंडळींबरोबर पाहावा का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. मुले मोठी असतील तर अवश्य. मात्र नंतर जेवणाच्या टेबलावर वाद होईल, त्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : इतके इंग्रजी येत असताना हॉलिवूडमध्ये का गेली नाही? पैसा तर तेथे होता.
(वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : गेली, पण मुक्काम केला नाही. ‘द ट्रेन’ (१९६४) मध्ये ती बर्ट लँकेस्टरबरोबर आहे, ‘माँटी वॉल्श’ (१९७०) हा वेस्टर्न तिने केला, एलिया कझान याच्या ‘द लास्ट टायकून’ (१९७६) मध्येही ती दिसते. परंतु तिची कामे ओळीने मांडली तर असे दिसते की भूमिका केवढी, पैसे किती याआधी तिने दिग्दर्शक कोण हे पाहिले. ऑर्सन वेल्स हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९६० च्या दशकात हॉलिवूडने त्याला जवळपास वाळीत टाकले होते आणि युरोपात तो मिळेल त्या पैशांतून चित्रपट उभे करीत होता. मोरोने त्याच्यासाठी काफ्काच्या कादंबरीवरील ‘द ट्रायल’ (१९६२) केला, शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफवर बेतलेल्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ मध्ये डॉल टेअरशीट ही लहानशी भूमिका केली, आणि ‘द इमॉर्टल स्टोरी’ (१९६८) हा जेमतेम तासाभराचा चित्रपट केला. बाजारभावाने पाहता तिन्ही घाट्याचे सौदे. ‘बे ऑफ एंजल्स’ (१९६३) मध्ये जाक दमी याच्यासाठी केस पांढरट सोनेरी करून तिने जुगाराच्या नादी लागलेली बाई केली. पैसा हातात येताच तो उधळण्याची तिची घाई त्या चित्रपटात पाहण्यासारखी आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तो आधी पाहावा.

त्रुफोशी मैत्रीही अशीच टिकली. ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’ (१९६८) मध्ये लग्नाच्या दिवशीच विधवा झालेली स्त्री पाच पुरुषांना एकेक करून गाठते. त्याची पटकथा त्रुफोबरोबर झाँ-लुई रिशार याने लिहिली, म्हणजे तिच्याच पूर्वीच्या नवऱ्याने.

प्रश्न : तिला ऑस्कर मिळाले होते काय?
(अनेक वाचक)

उत्तर : नाही, नामांकनही नाही. कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार १९६० मध्ये मिळाला, तो पीटर ब्रूकच्या ‘मोदेरातो कान्ताबिले’ साठी, ग्रीसच्या मेलिना मर्कुरी हिच्याबरोबर विभागून. त्याच महोत्सवात ती दोनदा, १९७५ आणि १९९५ मध्ये, परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती.

प्रश्न : मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षे आहे. इंदूरला ‘सानंद’ या संस्थेची नाटके पाहावयास येते तेव्हा जाणवते की पन्नाशीनंतर नटीला आई, आत्या, सासू याच भूमिका उरतात. फ्रान्समध्ये तरी वेगळे आहे काय?
(हौशी अभिनेत्री, देवास)

उत्तर : तेथेही फारसे वेगळे नाही, मोरोने ते स्वतःपुरते वेगळे करून घेतले. १९७६ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिने ‘ल्युमिएर’ हा चित्रपट स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. विषय होता चार अभिनेत्रींची मैत्री. त्यांतील कोणी कोणाची वैरी नाही, हेच त्या काळी नवलाचे होते. १९७९ च्या ‘लादोलेसान्त’ मध्ये ती पडद्यावर आलीच नाही. १९३९ च्या उन्हाळ्यात, युद्ध तोंडावर आले असताना, फ्रान्समधील एका खेड्यात आजीकडे आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि आजीच्या भूमिकेत सिमोन सिन्योरे आहे. आजीची भूमिका आली म्हणून कुरकुर करणाऱ्या प्रत्येक नटीने ती आजी पाहावी. पुढे मूकपटांची अभिनेत्री लिलियन गिश हिच्यावर मोरोने एक माहितीपट केला, म्हणजे स्वतःहून पिढीभर मोठ्या नटीला बोलते केले.

आपण रंगभूमीवरच्या आहात, म्हणून सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. १९८६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मोरोने हेर्मान ब्रोख याच्या लेखनावर आधारलेला एका म्हाताऱ्या मोलकरणीचा प्रयोग केला. ही झेर्लीन धन्याच्या घरातील सारी गुपिते आणि स्वतःची एक जुनी वासनामय आठवण एका भाडेकरूला सांगत बसते. दिग्दर्शक क्लाउस मिखाएल ग्र्युबर, आणि रंगमंदिर पॅरिसचे ‘बूफ द्यु नोर’, जे पीटर ब्रूक चालवीत असे. प्रयोग जवळजवळ सर्वस्वी तिच्या आवाजावर उभा होता, आणि तो आवाज तोवर सिगारेटींनी जाड, खरबरीत झालेला होता. १९८८ मध्ये तिला त्यासाठी फ्रेंच रंगभूमीचा मोलिएर पुरस्कार मिळाला. तरुणपणी ज्याची भीती घातली जाते ते सारे, म्हणजे सुरकुत्या, वाढलेले अंग, बसलेला आवाज, तिने भूमिकेचे सामान म्हणून वापरले. ‘वय शोभेल अशी’ भूमिका ती मागत बसली नाही. १९९१ च्या एका विनोदी चित्रपटात तिने अट्टल ठग अशी म्हातारी केली, आणि फ्रान्सचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मानला जाणारा सेझार तिला त्यासाठी मिळाला, चौसष्टाव्या वर्षी. २०१२ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘अ लेडी इन पॅरिस’ मध्ये तिने एस्टोनियातून येऊन पॅरिसमध्ये म्हाताऱ्या झालेल्या तिरसट बाईची प्रमुख भूमिका केली. सेवेसाठी आलेल्या परिचारिकेला ती ज्या तऱ्हेने चहाचा कप परत नेण्यास सांगते, त्यात अभिनयाचा एक पाठ आहे.

पडद्याबाहेरही ती आपले म्हणणे झाकून ठेवीत नसे. एप्रिल १९७१ मध्ये, फ्रान्समध्ये गर्भपात हा गुन्हा असताना, ‘मीही तो केला आहे’ असे जाहीर करणाऱ्या ३४३ स्त्रियांच्या पत्रकावर तिची सही होती; लेखिका सिमोन द बोव्हुआर आणि मार्गरित द्युरास, अभिनेत्री कातरिन दनव्ह यांच्याही होत्या. फ्रान्समध्ये कायदा १९७५ मध्ये बदलला. आपल्या संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा त्याच १९७१ मध्ये, म्हणजे फ्रान्सच्या आधी, संमत केला होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात ठेवीत नाही. पुढे २००० मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री ठरली. ३१ जुलै २०१७ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, पॅरिसमधील राहत्या घरी तिचे निधन झाले. तिची कबर मोंमार्त्रच्या दफनभूमीत आहे.

प्रश्न : मोरो किंवा तिचे दिग्दर्शक यांचा भारताशी काही संबंध आला होता काय?
(वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : दिग्दर्शकांचा चांगलाच आला. लुई माल १९६८ मध्ये दोघा सहकाऱ्यांना घेऊन भारतात आला, काही महिने हिंडला, आणि त्यातून सात भागांची माहितीपटमाला तयार झाली. बी.बी.सी.ने ती दाखविल्यावर भारत सरकार संतापले आणि १९७० मध्ये बी.बी.सी.चे दिल्लीतील कार्यालय बंद करावयास लावले. झाँ रेन्वार याने ‘द रिव्हर’ (१९५१) बंगालमध्ये हुगळीच्या काठी चित्रित केला. जागा शोधताना त्याच्याबरोबर हिंडणारा तरुण म्हणजे सत्यजित राय. त्याच रेन्वारच्या १९७० च्या अखेरच्या चित्रपटात मोरो जुन्या धाटणीचा भरजरी पोशाख घालून समोर उभी राहते आणि एक गाणे म्हणते, बाकी काही करीत नाही.

मोरोचा स्वतःचा संबंध गाण्यातूनच आला. मार्गरित द्युरास हिने १९७५ मध्ये ‘इंडिया साँग’ हा चित्रपट काढला. कथा १९३७ च्या कोलकात्यातील फ्रेंच दूतावासात घडते, उकाडा आहे, पंखे फिरत आहेत, दूरवर एका भिकारणीचे गाणे ऐकू येते. आणि चित्रीकरण सारे फ्रान्समध्ये, पॅरिसलगतच्या एका पडीक वाड्यात आणि आसपास. नायिका देल्फिन सेरिग आहे. कार्लोस दालेसियो याने दिलेल्या मुख्य धूनवर द्युरासने शब्द रचले आणि ते मोरोने गायले. चित्रपट संथ आहे आणि सर्वांना रुचेलच असे नाही. गाणे मात्र सहज मिळते, आणि द्युरासच्या कादंबरीवरील ‘मोदेरातो कान्ताबिले’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, किंवा ‘द लव्हर’ (१९९२) या चित्रपटातील निवेदन करणारा वयस्क स्त्रीचा आवाज ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना तो आवाज पहिल्याच ओळीत ओळखता येईल. निवेदन करणारी ती बाईही झान मोरोच.